अलक लिहू की शशक?

फोनवर गोष्टी टाकायच्या आहेत, पण अलक लिहू की शशक, असं धरमपेठेतल्या भाचीनं विचारलं. अलक म्हणजे अतिलघुकथा, चार-सहा ओळींची, मोजमाप सैल. शशक म्हणजे शतशब्दकथा. शब्द नेमके 100. 99 भरले तरी नापास.

एकच गोष्ट मी दोन्ही साच्यांत लिहून पाहिली. अलक अशी झाली (नवतपा म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस):

"नवतपा लागला. बाबा गेल्यानंतरचा पहिलाच. आईनं कूलरमध्ये पाणी भरलं, रात्री उठून त्याचं तोंड बाबांच्या पलंगाकडे वळवलं आणि घामानं निथळत झोपली."

20 शब्द. शशक करायची तर अजून 80 हवेत. आधी मी वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पाइप, शेजारीण असं काहीबाही कोंबलं, सगळं भरताड. मग मुलगा जागा झाला. "आई, काहून उठली?" आई म्हणाली, "त्यांना गरमी होऊन राहिली ना." या 'होऊन राहिली'नं गेलेला माणूस पलंगावर परत आणून बसवला. अलकमध्ये हे वाक्य घालून पाहिलं, तर आधीची शांतताच मोडली. म्हणून माझं मत असं: गोष्ट एका कृतीत मावत असेल तर अलक. दोन माणसं आपल्या नागपुरी बोलीत बोलणार असतील तर शशक.

मोजणीतही फरक आहे. शब्द मोजले तर मराठी फायद्यात. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द. अक्षरं मोजली की आपण मार खातो, कारण काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'नागपूर' डोळ्याला चार अक्षरं, यंत्राला सहा. 'क्षितिज' तर तीनाचं सात. एक्सवर फुकटच्या खात्याला 280 ची मर्यादा आहे. तिथे अलक बसते, शशक सहसा नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला 2,200 चालतात, पण सुरुवातीच्या दोनेक ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. तिथे शशकची पहिली ओळच वाचकाला थांबवणारी हवी. व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातं. ते सरावाला ठीक.

अलकचा एक तोटा मी भोगलाय. ती झपाट्यानं फिरते आणि फिरता फिरता नाव गळतं. माझीच एक अलक मला कुटुंबाच्या ग्रुपवर 'खूप छान, नक्की वाचा' म्हणून आली! नाव चित्रातच टाकलेलं बरं. दुसरं म्हणजे शेवटच्या ओळीत धक्का द्यायची सवय. वृद्धाश्रम दिसला की वाचक शेवट आधीच सांगतो.

भाचीला म्हटलं, आधी शशक लिही, कापायची सवय लागेल. तिची पहिली आली ती 113 शब्दांची. त्यात 'अचानक' दोनदा आहे. आता उरले अकरा.