कोल्हापूर ते नागपूर, मुलांसह : प्रवास आखून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

मुलांना गाडीत घालून महाराष्ट्र एकदा आडवा पार करायचा, हा बेत आमच्या घरात दोन वर्षे नुसता बोलण्यातच होता. कोल्हापूरकरांची सुट्टी म्हणजे गोवा, गणपतीपुळे, फार तर महाबळेश्वर. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या डब्यावर लिहिलेले ‘गोंदिया’ हे नाव सोडले, तर आमच्या मुलांना विदर्भाची काहीही ओळख नव्हती. अखेर दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले. यजमानांना इतका पल्ला स्वतः गाडी चालवणे शक्य नव्हते, म्हणून सात आसनी गाडी, ड्रायव्हर, मुक्कामांचे आरक्षण आणि दिवसवार तक्ता असे सगळे एकत्र देणाऱ्या शहरातील एका व्यावसायिकाकडे आम्ही काम सोपवले. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचा भाग बराच आहे आणि माणसे मात्र वाईट नव्हती.

आम्ही पाच जण : आम्ही दोघे, सासूबाई, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. आखणीचे शुल्क ३,००० रुपये वेगळे आणि गाडीचा दर किलोमीटरला १५ रुपये. पहिल्या बैठकीत मालकांनी कोणती ठिकाणे पाहायची, कोणत्या दर्जाचे हॉटेल हवे, जेवण शाकाहारी की मांसाहारी, हे सगळे व्यवस्थित विचारून घेतले. मुलांपैकी कोणाला गाडी लागते का, दुपारी कोण झोपते आणि सासूबाईंना जिने चढवतात का, हे तीन प्रश्न मात्र त्यांनी विचारले नाहीत. ते मीच सांगितले, त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीही लिहिले नाही. पुढे जे काही बिनसले, त्याचा बराचसा उगम त्या न लिहिलेल्या ओळींत होता.

चार दिवसांनी आलेला तक्ता दिसायला देखणा होता. शुक्रवारी सोलापूर, शनिवारी नळदुर्ग आणि तुळजापूर करून छत्रपती संभाजीनगर, रविवारी वेरूळ आणि देवगिरी, सोमवारी अजिंठा, मंगळवारी सिंदखेड राजा करून लोणार, बुधवारी समृद्धी महामार्गाने नागपूर. गुरुवारी दीक्षाभूमी पाहून शुक्रवारी आम्ही रेल्वेने परतायचे आणि गाडी रिकामी कोल्हापूरला यायची. वाचताना मी सोमवारपाशी अडखळले, कारण अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. ही माहिती काही गुप्त नाही. पैसे घेऊन तक्ता करणाऱ्याने निदान एवढे तरी पाहायला हवे होते. आमच्या लक्षात आले नसते, तर शंभर किलोमीटर जाऊन बंद दार पाहावे लागले असते. फोन करताच त्यांनी चूक मान्य केली, त्यात आढेवेढे घेतले नाहीत. पण दुरुस्ती म्हणून रविवार आणि सोमवार यांची नुसती अदलाबदल झाली. परिणामी शनिवारी तीनशे किलोमीटर बसून आलेल्या मुलांना रविवारी सकाळी पुन्हा अजिंठ्यासाठी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर बसावे लागले, तेही सुट्टीतल्या रविवारच्या गर्दीत. मधे एक मोकळी सकाळ ठेवून पुढचे सगळे एक दिवस ढकलणे हा खरा उपाय होता. परंतु तोवर हॉटेलांची आरक्षणे झालेली होती.

गाडीविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. पिवळ्या पाटीची, नीट राखलेली, तिसऱ्या रांगेतसुद्धा चालू बेल्ट असलेली गाडी होती. मुलासाठी बालआसन मागितले असता ते त्यांच्याकडे नव्हते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. असे असताना ‘लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी खास’ अशी जाहिरात करणाऱ्याने दोन आसने विकत घेऊन ठेवायला हवीत. आम्ही घरचे नेले आणि ड्रायव्हरमामांनी ते मधल्या रांगेत घट्ट बसवून, हलवून पाहून मगच मुलाला बसू दिले.

या मामांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. तक्त्यात निघण्याची वेळ सकाळी आठ लिहिली होती. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, “वहिनी, पाचला निघूया. सहाच्या आत अंकलीचा पूल गाठला पायजे, न्हाईतर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं मिरजेपर्यंत रांगायचं.” गळीत हंगाम सुरू झाला की हातकणंगले-जयसिंगपूर रस्त्याची काय अवस्था होते, हे या भागात सांगावे लागत नाही, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली अंधारात पुढे आली की काळजाचा ठोका चुकतो. त्यातच ऊसदराचे आंदोलन तापलेले असेल, तर रस्ता कुठे अडेल याचा नेम नसतो. पाचला निघाल्यामुळे मुले झोपेतच मिरजेपलीकडे गेली. सांगोल्याच्या अलीकडे आम्ही दशम्या आणि चटणीचा डबा उघडला, मंगळवेढ्याला थोडे थांबलो आणि दुपारच्या जेवणाला सोलापुरात होतो. वाटेत घाट नसल्याने धाकट्याला गाडी लागली नाही. पहिला दिवस इतका सुरळीत गेला की मला तक्त्याविषयीचे माझे मत बदलावेसे वाटू लागले होते.

ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर आले. नळदुर्ग हा पाणीमहालाचा अप्रतिम किल्ला आहे, यात शंका नाही. पण तो सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला आहे. तो पाहून तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे आणि त्यानंतर धाराशिव, बीड करत रात्री संभाजीनगर गाठायचे, हे कागदावरच जमणारे होते. सासूबाईंसाठी तुळजाभवानी सोडणे शक्य नव्हते, म्हणून नळदुर्ग सोडला आणि किल्ल्यांचे वेड असलेली लेक दुपारपर्यंत आमच्याशी बोलली नाही. मांजरसुंब्याच्या घाटात धाकट्याला व्हायचे ते झालेच. तेथे थांबलो असताना समोरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या आल्या. भांडीकुंडी, शेळ्या आणि त्यांवर बसलेली लहान मुले, असे सगळे बीडकडून आमच्या जिल्ह्याकडे निघाले होते. “ही मुलं कुठं फिरायला चालली?” असे धाकट्याने विचारले, तेव्हा उत्तर द्यायला आम्हाला थोडा वेळ लागला.

संभाजीनगरचे हॉटेल स्वच्छ होते, परंतु खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि उद्वाहक बंद. न लिहिलेल्या ओळींपैकी ही एक. रात्री साडेनऊला मामांनी मालकांना फोन लावून देईपर्यंत तळमजल्यावर खोली मिळाली नाही.

अजिंठा आणि वेरूळ येथे मुलांसह काय करावे, याबद्दल तक्त्यात ‘पाच तास’ आणि ‘चार तास’ यांपलीकडे काही नव्हते, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी थोडे लिहिते. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते आणि त्यानंतर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, तिची चौकशी आधीच करावी. तीसच्या तीस लेणी दाखवण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आणि सव्विसाव्यातील पहुडलेले प्रचंड बुद्ध, या दोहोंच्या मधे पाणी, सावली आणि राजगिऱ्याचे लाडू एवढे आमच्या मुलांना पुरले. वेरूळला याउलट वेळ कमी पडला. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणले आहे. हे कळल्यावर लेकीने “मग चुकलं तर परत दगड कुठून चिकटवणार?” असा प्रश्न काढला आणि त्यावर ती संध्याकाळपर्यंत विचार करत होती. दहाव्या लेण्यात आवाज घुमतो, तेथे धाकटा रमला. देवगिरी किल्ल्यातील अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, दोन्ही मुलांनी आजीला खाली बसवून पाहिली आणि नळदुर्गाचा राग तेथे उतरला.

लोणारसाठी तक्त्यात पंचेचाळीस मिनिटे दिलेली पाहून मला हसू आले. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे. २०२० मध्ये त्यातील सरोवर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. पंचेचाळीस मिनिटांत त्याच्या कडेवर उभे राहून फक्त छायाचित्र काढता येते. आम्ही सायंकाळ आणि दुसरी सकाळ अशी दोन्ही वेळा गेलो. चार वर्षांच्या मुलाला घेऊन खाली उतरलो नाही, त्याऐवजी गावातील दैत्यसूदन मंदिर निवांत पाहिले. त्यापायी नागपूरला पोहोचायला उशीर झाला, पण त्याची खंत नाही.

समृद्धी महामार्गाचा टप्पा तक्त्याने साडेतीन तासांचा सांगितला होता. आम्हाला पाच तास लागले. वेग कमी नव्हता, मोटारींना तेथे १२० पर्यंत मुभा आहे. मात्र लहान मूल ‘आत्ताच जायचंय’ म्हणाले, तर या रस्त्यावर वाटेल तेथे गाडी उभी करता येत नाही आणि थांबण्याजोगी ठिकाणे एकमेकांपासून लांब आहेत. मेहकरला महामार्गावर चढण्यापूर्वी मामांनी चारही टायरांतील हवा तपासली, मुलांना बळेच स्वच्छतागृहात पाठवले आणि डबे-बाटल्या हाताशी ठेवायला सांगितल्या. सरळ, एकसुरी रस्त्यावर मुले तासाभरात कंटाळतात; अंताक्षरीही फार काळ टिकत नाही.

आता पैशांविषयी. दिवसाला किमान ३०० किलोमीटरची आकारणी हा या धंद्यातला रिवाज आहे. रिकाम्या परतीचे दोन दिवस धरून गाडी नऊ दिवस आमच्या नावावर होती, म्हणजे २,७०० किलोमीटर. प्रत्यक्षात सुमारे २,२५० झाले. ४०,५०० रुपये गाडीचे. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हर भत्ता वेगळा. हिशोब चोख होता, टोलच्या सर्व नोंदी दाखवल्या, एक रुपयाही लपवला नाही. पण वेरूळच्या दिवशी गाडी जेमतेम ऐंशी किलोमीटर फिरली, तरी तीनशेचे पैसे लागतात, हे पहिल्या बैठकीत आपण होऊन सांगायला हवे होते. आम्ही विचारल्यावर ते कळले. परतीसाठी रेल्वे निवडण्याचा निर्णय आमचा होता. नागपूरहून निघून दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उतरेपर्यंत मुले डब्यात मोकळेपणी नाचली आणि झोपली. गाडीत आणखी दोन दिवस बसवण्यापेक्षा ते कितीतरी बरे झाले.

परतल्यावर मी तक्त्याची प्रत तांबड्या शाईने दुरुस्त करून मालकांना नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, चहा मागवला आणि आखणीच्या शुल्कातले १,००० रुपये परत केले. मे महिन्यात तळकोकणाचा बेत आहे. गाडी त्यांच्याकडूनच घेऊ, मामा मोकळे असतील त्याच तारखांना. तक्ता मात्र घरी, मुलांना शेजारी बसवून करणार आहोत.