बाहुलीचं पोलकं, घडीचं कार्ड आणि तालुक्याचा बाजार: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

हस्तकलेचं तयार किट मोबाईलवरून मागवण्याआधी एकदा तालुक्याच्या मॅचिंग सेंटरात जाऊन या. बाहुलीच्या कपड्यांना आणि भेटकार्डांना लागणारं जवळजवळ सगळं सामान तिथे, शेजारच्या कटलरीत आणि झेरॉक्सवाल्याकडे भेटतं. किटातल्यापेक्षा ते बरंही असतं. अट एकच, प्रत्येक वस्तूची जाडी बघून घ्यायची. बाजारात सर्रास दिसणारी साडेअकरा इंची बाहुली म्हणजे माणसाचा साधारण सहावा हिस्सा. मापं सहापट लहान होतात, पण कापड, दोरा, बटण होतं तेवढंच जाड राहतं. माणसाच्या सदऱ्यात जी शिवण दिसतही नाही, ती बाहुलीच्या काखेत दोरखंडासारखी उभी राहते.

किटांची पहिली चूक हीच असते. त्यांत फेल्ट (न विणता दाबून केलेलं जाड कापड) देतात, कारण त्याचे धागे सुटत नाहीत आणि लहान मुलांना ते कापायला सोपं जातं. पण एक-दीड मिलिमीटर जाडीचा फेल्ट चुण्या घेत नाही. त्याचा घागरा बाहुलीच्या कमरेवर पुठ्ठ्याच्या डब्यासारखा राहतो. सोबतच्या प्लास्टिकच्या सुया फेल्टपुरत्या ठीक, सुती कापडात त्या शिरतच नाहीत. नमुन्याच्या कागदावर शिवणीची जागा धरली आहे की नाही, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. नसेल तर चारही बाजूंनी 5 मिलिमीटर वाढवून कापा. सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा सुई धरायला शिकवायची असेल तर किट चालेल. अंगावर नीट बसणारे कपडे शिवायचे असतील तर नको.

कापडात पहिली पसंती ब्लाऊजच्या टू बाय टू रुबियाला. पातळ, घट्ट विणीचं, इस्त्रीला ऐकणारं, आणि हव्या त्या रंगात मिळणारं. 80 सेंटिमीटरच्या एका पिसात बाहुलीचे चार-पाच जोड सहज निघतात. पाव मीटर मागितलं तर बरेच दुकानदार "पाव मीटर नाही भेटत ताई" म्हणून हात वर करतात. अशा वेळी कटपीसच्या गठ्ठ्यात हात घाला, नाहीतर गावातल्या शिंप्याकडची कतरण मागा. मलमल आणि जुनं मऊ धोतरही चांगलं. पॉपलिन फ्रॉकला चालतं, पोलक्याच्या बाहीला जाड पडतं. सॅटिन दिसायला छान, पण कडेचे धागे इतके सुटतात की 5 मिलिमीटरची शिवण दोनदा कपडे बदलताच उलगडते. सॅटिनच घ्यायचं असेल तर कापायच्या रेघेवर पातळ केलेला पांढरा गोंद (एक भाग गोंद, एक भाग पाणी) ब्रशने फिरवा आणि वाळल्यावर त्याच रेघेवर कापा.

रुबिया म्हणून मिळणारं सगळं सुती असतंच असं नाही. दोन धागे ओढून काडीवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख हाताने चुरडते. पॉलिस्टर आकसतं आणि टोकाला टणक मणी होतो. पॉलिस्टरची बारीक चुणी इस्त्रीने बसत नाही, आणि इस्त्री जास्त तापली तर कापड चकाकतं किंवा आकसतं. ही परीक्षा अंगणात करा, ताग्यांच्या दुकानात नाही.

आता रंग. गडद लाल, काळा, गडद निळा हे रंग बाहुलीच्या प्लास्टिकमध्ये उतरतात. पाण्यातच उतरतात असं नाही, कोरड्या कापडातूनही नुसत्या स्पर्शाने महिन्या-दोन महिन्यांत डाग पडतो, आणि मऊ प्लास्टिकच्या आत गेलेला तो डाग पुसला जात नाही. उष्णतेने हे लवकर होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या बाहुलीचं तर विचारूच नका. उपाय म्हणजे कापड आधी दोन-तीन पाण्यांतून काढायचं, आत पांढऱ्या मलमलचं अस्तर लावायचं आणि खेळून झालं की गडद कपडे उतरवून ठेवायचे. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नका.

परकर-पोलक्याचं गणित सोपं आहे. कमर स्वतः मोजा, कारण जत्रेतल्या बाहुल्यांत अर्धा-एक सेंटिमीटरचा फरक असतोच. कमर 9 सेंटिमीटर धरली तर पातळ कापडाची पट्टी कमरेच्या तिप्पट, म्हणजे 27, अधिक शिवण आणि मागच्या आच्छादाचे 2 ते 3, अशी 30 सेंटिमीटर लांब घ्या. पॉपलिन असेल तर दुप्पटच पुरे, नाहीतर कमरेवर कापडाचा गोळा होतो. उंची 17 ते 18 सेंटिमीटर, त्यात खालची दुमड धरलेली. चुण्या घालायला लांब टाक्यांच्या दोन ओळी 3 मिलिमीटर अंतरावर घाला आणि दोन्ही दोरे एकदम ओढा. एकाच ओळीवर ओढलं की चुण्या एका बाजूला पडतात. पोलक्याला बाही आधी जोडायची, बगल नंतर शिवायची. मोठ्या कपड्यात नळीसारखी बाही फिरवून बसवता येते, पण बाहुलीची 5 सेंटिमीटर घेराची बाही मशीनच्या पायाखाली फिरतच नाही. गळ्याच्या गोलाईला कात्रीचे बारीक काप द्या, शिवणीच्या 1 मिलिमीटर अलीकडे थांबा. काप दिले नाहीत तर गळा उलटल्यावर ओढल्यासारखा दिसतो.

मशीनच्या बाबतीत गावात उलटा समज आहे. घरातलं काळं पायमशीन जुनाट, बारीक कामाला नवं झिगझॅग मशीन हवं, असं म्हणतात. बाहुलीच्या कपड्यांना मात्र ते काळं पायमशीनच सरस. त्याच्या पत्र्यावर सुईसाठी लहान गोल भोक असतं. झिगझॅग मशीनचं भोक आडवं लांब असतं, कारण सुईला दोन्ही बाजूंना जायचं असतं, आणि पातळ रुबियाचा कोपरा नेमका त्यातच ओढला जातो. काळ्या मशीनवर फक्त तीन गोष्टी बदला. सुई 11 नंबरची मागून घ्या, न सांगता मागितली तर जाड कामाची 16 नंबरचीच हातात पडते. टाका लहान करा, इंचात 16 ते 18 टाके. आणि मशीनच्या पायाचा कापडावरचा दाब ठरवणारा वरचा स्क्रू थोडा सैल करा. तरीही सुरुवातीला कापड आत जात असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर कागद फाडून टाका. टाका लहान असल्याने कागद सरळ रेषेत फाटतो.

हातात धरायचं स्टेपलरसारखं छोटं मशीन घेऊ नका. जाहिरातीत ते पडदा शिवताना दिसतं, तिथे ते चालतंही. पण ते एकाच दोऱ्याचं साखळी टाक्याचं मशीन आहे, खाली बॉबिन (दुसऱ्या दोऱ्याची रीळ) नाही. साखळीचं शेवटचं टोक नीट अडकवलं नाही आणि कुणी ओढलं, की सगळी ओळ सरसर उसवते. आधीच घरात असेल तर एवढं करा: शेवटी चाक फिरवून सुई सगळ्यांत वर आणा, सात-आठ सेंटिमीटर दोरा ओढून कापा, तो शेवटच्या फासातून काढून दोन गाठी मारा. एवढं करूनही टाका लांबच पडतो आणि गोलाईवर कापड गोळा होतं. बाहुलीच्या काखेसाठी याच्यापेक्षा 10 नंबरची हातसुई आणि उलटी टीप केव्हाही चांगली.

बंदासाठी कटलरीतली सगळ्यांत लहान टिचबटणं घ्या. वेलक्रो जाड असतं आणि त्याचे आकडे बाहुलीच्या नायलॉनच्या केसांत अडकतात. चार-पाच वेळा अडकलं की केसांचा झाडू होतो. टिचबटण लावताना आच्छाद 1 सेंटिमीटरचा ठेवा आणि आत कापडाचा दुहेरी थर येऊ द्या, नाहीतर मूल बटण ओढतं आणि कापड फाटतं.

लुगडं हा वेगळा मामला आहे. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर. सहाने भागलं तर 137 सेंटिमीटर येतात. एवढं कापड नेसवून बघा, बाहुली गरोदर दिसते. पुन्हा जाडीच! नऊवारीला 90 ते 100 आणि सहावारीला 65 सेंटिमीटर पुरे, रुंदी 19. लांबीची एक बाजू ताग्याच्या किनारीवर धरा, म्हणजे ती दुमडावी लागत नाही. काठाला 6 ते 8 मिलिमीटरची लेस. साडीचा खरा जरीकाठ कापून लावू नका. तो ताठ असतो आणि निऱ्या पंख्यासारख्या उघड्या राहतात.

जाडी कामी येते ती तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीला. झूल लोंबून बसायला हवी, म्हणून तिथे आत चिकट बक्रम (इस्त्रीने चिकटणारं ताठ अस्तर), बाहेर सॅटिन, कडेला गोटा आणि कोपऱ्याला गोंडे. पोळ्याच्या आधी बैलाच्या साजाची दुकानं लागतात, त्यांतले लहान गोंडे कटलरीतल्यापेक्षा घट्ट बांधलेले असतात. पाठीचं माप लांबी-रुंदीत न घेता सुतळी आडवी टाकून घ्या, कारण वशिंडाची उंची त्यात धरली जाते. भुलाबाईची मूर्ती मातीची, तिचा रंग ओल्या गोंदाने निघतो. तिचं वस्त्र नुसतं नेसवा, मागे दोऱ्याने बांधा, चिकटवू नका.

चिंध्यांच्या बाहुलीत भरायला घरचा कापूस सगळेच घेतात. तो सरकीसकट भरू नका. सरकी दाबली गेली की तेलकट पिवळा डाग बाहेर येतो. गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस घ्या आणि चिमटीएवढे पुंजके करून भरा. मोठा गोळा एकदम कोंबला की मान लुळी पडते.

कार्डांकडे येऊ. झेरॉक्सच्या दुकानात कार्डशीट 'जाड' आणि 'पातळ' अशा दोनच शब्दांत विकतात. तुम्ही 250 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मागा. त्याचा ए-फोर कागद साधारण साडेपंधरा ग्रॅमचा असतो. अख्खा ए-फोर घडी करून कार्ड केलं, पाकिटाचे पाच-सहा ग्रॅम धरले, तर टपालाची 20 ग्रॅमची पहिली पायरी ओलांडली जाते आणि जास्त तिकीट लागतं. अर्ध्या कागदाचं कार्ड आठ ग्रॅमच्या आत बसतं. पण त्या मापाचं, 10.5 बाय 14.8 चं पाकीट गावात सहसा नसतं, लांबट 9 बाय 4 इंचीच असतं. म्हणून ए-फोरमधून 21 बाय 19 सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याला लांबीत घडी घाला. 21 बाय 9.5 चं कार्ड त्या पाकिटात नीट सरकतं, आणि उरलेली 10.7 सेंटिमीटरची पट्टी सजावटीला येते.

घडी फुटते तिचं कारण धागा. कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. कागद न मोडता दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, घडी त्याच दिशेची ठेवा. उलट्या धाग्याला घातलेली घडी पांढरी पडून फुटते. घडीआधी स्टीलची पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने खाच पाडा. मग बहुतेक जण खाचेकडे कागद मिटतात, ते चूक. खाच बाहेर आणि मागचा उंचवटा आत, अशी घडी घातली की कडा सरळ येते.

छपाई करायची तर लेझरवर. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. लेझरची पूड पाण्याला दाद देत नाही, पण साध्या कागदाच्या सेटिंगवर जाड शीट काढली तर ती पूड नीट वितळत नाही आणि बोटाने खरवडली जाते. दुकानदाराला प्रिंटरमध्ये 'जाड कागद' निवडायला सांगा. घडीच्या रेघेवर गडद छपाई येऊ देऊ नका, पूड तडकते.

पांढऱ्या गोंदाने कार्ड वाकतं, कारण गोंदातलं पाणी एका बाजूचे तंतू फुगवतं आणि वाळताना ती बाजू आक्रसते. गोंद बाटलीतून थेट न सोडता पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ ओढा आणि रात्रभर वहीच्या गठ्ठ्याखाली ठेवा, पावसाळ्यात दोन रात्री. गोंदकांडीने कागद वाकत नाही, पण ऐन उन्हाळ्यात ती लवकर सुकते आणि कोपरे उचलले जातात. मैद्याची खळ स्वस्त, पण तिला कसर लागते. कसरीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ते विषारी आहे, मुलांच्या हातच्या कामात नको.

कापडाचा तुकडा कार्डावर थेट चिकटवला तर गोंद झिरपून डाग पडतो. रुबियाच्या मागे आधी पातळ चिकट बक्रम इस्त्रीने बसवा, मग आकार कापा. धागे सुटत नाहीत आणि गोंद वर येत नाही. पोलक्यातून उरलेल्या कतरणीचं इवलंसं पोलकं कार्डावर लावायचं तर असंच. त्याच्यावर मणी मात्र नको. पोस्टाच्या शिक्क्याचा ठोका पडला की मणी कागदात रुततो आणि पाकीट फाटतं. लेसचा तुकडा किंवा भरतकामाच्या दोऱ्याचे दोन टाके पुरतात. टाक्यांसाठी भोकं आधी सुईने पाडून घ्या, दोन भोकांत 3 मिलिमीटर अंतर ठेवा. त्याहून जवळ घेतली तर कागद तिकिटासारखा त्या ओळीवर फाटतो.