एडब्ल्यूएस वॅफ: चाळणी चांगली, पण मराठी मजकुराला भोकं लहान

अ‍ॅमेझॉनचं वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल, म्हणजे साइटकडे येणाऱ्या रिक्वेस्ट नियमांनुसार गाळणारं एडब्ल्यूएस वॅफ, २०१५ साली आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याची सध्याची आवृत्ती आली आणि जुनं 'क्लासिक' सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झालं. त्यामुळे जुने लेख वाचून काही लावायला जाऊ नका, त्यांतले अर्धे मेनू आता सापडणार नाहीत. नियमांच्या ज्या यादीला आतापर्यंत वेब एसीएल म्हणत होते तिला नव्या कन्सोलमध्ये 'प्रोटेक्शन पॅक' म्हणतात. काम तेच.

ज्यांची साइट आधीपासून क्लाउडफ्रंट (साइटचा मजकूर जगभर पोचवणारं जाळं) किंवा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारी सेवा) यांच्यामागे आहे, त्यांनी हे जरूर घ्यावं. एकदा लावलं की लॉग बघायचेच नाहीत, असा बेत असेल तर मात्र घेऊ नये. याची बहुतेक कटकट एकाच आकड्याभोवती फिरते: ८ केबी.

आधी ते लागतं कुठे, ते बघू. क्लाउडफ्रंट, अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर, एपीआय गेटवेचे रेस्ट एपीआय, अ‍ॅपसिंक, कॉग्निटो, अ‍ॅप रनर या त्यांच्याच सेवांना लागतं. नेटवर्क लोड बॅलन्सरला लागत नाही, आणि एपीआय गेटवेच्या स्वस्त एचटीटीपी एपीआयलाही नाही. तिथे मध्ये क्लाउडफ्रंट घालावं लागतं. मुंबई रीजनमधल्या लोड बॅलन्सरसाठी वेब एसीएल मुंबईतच बनवायचा, पण क्लाउडफ्रंटसाठीचा नॉर्थ व्हर्जिनियात. टेराफॉर्म (क्लाउडची रचना कोडमधून उभारायचं साधन) वापरणारे इथे हमखास अडकतात. त्यासाठी त्या रीजनचा वेगळा प्रोव्हायडर द्यावा लागतो.

नियमांचं वजन डब्ल्यूसीयू या वॅफच्या क्षमतेच्या एककात मोजतात. मूळ दरात १५०० मिळतात, कमाल ५०००. अ‍ॅमेझॉनच्या तयार नियमसंचांत कोअर रूल सेट ७०० खातो, नोन बॅड इनपुट्स २००, एसक्यूएल २०० आणि आयपी रेप्युटेशन २५. बेरीज ११२५. लिनक्सचे २०० आणि पीएचपीचे १०० धरले तरी १४२५, म्हणजे साध्या पीएचपी साइटचं १५०० मध्ये भागतं. नोन बॅड इनपुट्स वगळू नका, डिसेंबर २०२१ च्या लॉगफोरजे (या जावा लायब्ररीतल्या त्रुटीच्या) प्रकरणातला नियम त्यातच आहे.

आता ते ८ केबी. कोअर रूल सेटमध्ये 'साइझ रिस्ट्रिक्शन्स बॉडी' नावाचा नियम आहे. रिक्वेस्टची बॉडी, म्हणजे फॉर्ममधून जाणारा मजकूर, ८१९२ बाइटांच्या वर गेली की तो ती अडवतो. इंग्रजी फॉर्मला ही जागा ऐसपैस आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह मात्र यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि साध्या एचटीएमएल फॉर्ममधून जाताना प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह ३ होतात, म्हणजे एका चिन्हाला ९ बाइट. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायतीच्या' या एका शब्दात १६ चिन्हं आहेत, म्हणजे १४४ बाइट. या हिशेबाने मराठीतली तक्रार दीडशे-एक शब्दांची झाली की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' हा एरर, मिळतो. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तक्रार निवारण, अभिप्राय, बातमीखालच्या प्रतिक्रिया, सगळीकडे 'फॉर्म सबमिट होत नाही' एवढीच ओरड येते आणि अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये काही नसतं, कारण रिक्वेस्ट तिथवर पोचलेलीच नसते.

क्वेरी स्ट्रिंगला (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) २०४८ बाइट आणि पत्त्याच्या पाथला १०२४ बाइट अशाच मर्यादा आहेत. पाथमध्ये देवनागरी मथळा टाकणाऱ्या पोर्टलला जेमतेम ११३ चिन्हं मिळतात. वर्डप्रेस स्लग (पत्त्यातलं मथळ्याचं रूप) टक्केचिन्हांसकट २०० बाइटांवर कापतं म्हणून तिथे सहसा निभावतं, स्वतः लिहिलेल्या सीएमएसमध्ये नाही.

सर्वांत सोपा इलाज फ्रंटएंडला आहे. फॉर्म जेसन या मजकुराच्या स्वरूपातून पाठवा. ब्राउझर जेसनमध्ये देवनागरी जशीच्या तशी पाठवतो, त्यामुळे ९ ऐवजी ३ बाइट लागतात आणि सुमारे २७०० चिन्हं बसतात. पण पायथन किंवा पीएचपीतून सर्व्हर-ते-सर्व्हर जेसन जात असेल तर तिथे डीफॉल्ट एस्केपिंग (अक्षराऐवजी त्याचा कोड लिहिणं) चालू असतं आणि एका चिन्हाला ६ बाइट पडतात. ते बंद करा. फोटो आणि पीडीएफ तर या वाटेने आणूच नयेत. एस३ या फाइल-साठवणीची प्रीसाइन्ड यूआरएल (ठरावीक वेळच चालणारा पत्ता) देऊन थेट तिकडे चढवावेत.

तेवढ्याने भागत नसेल तर नियम सैल करावा लागतो. बहुतेक जण तो सरळ काउंटवर (अडवायचं नाही, फक्त मोजायचं) टाकून मोकळे होतात, आणि घोळ तिथेच होतो. लोड बॅलन्सरवर वॅफ बॉडीचे पहिले ८ केबीच वाचतं, ही मर्यादा वाढवता येत नाही. क्लाउडफ्रंट आणि एपीआय गेटवेवर ती मुळात १६ केबी आहे आणि जादा पैसे देऊन ६४ पर्यंत जाते. साइझचा नियम काढला की हल्लेखोराने सुरुवातीला ८ केबी कचरा भरून त्यामागे एसक्यूएल इंजेक्शन (डेटाबेसला फसवणारा मजकूर) ठेवलं, तरी कोणी बघत नाही. म्हणजे मराठी वापरकर्त्याला छळणारा हा नियम काही उगाच नाही.

मग असं करा: नियम काउंटवर ठेवा. काउंट झालेल्या रिक्वेस्टला वॅफ लेबल चिकटवतं. कोअर रूल सेटच्या खाली, म्हणजे प्रायॉरिटीचा मोठा आकडा देऊन, स्वतःचा एक नियम लिहा: ते लेबल असेल आणि पाथ तक्रारीच्या किंवा अपलोडच्या पत्त्याने सुरू होत नसेल, तर ब्लॉक. लेबल हाताने टाइप करू नका. नियमाच्या इंग्रजी नावात 'बॉडी' सगळं कॅपिटल अक्षरांत आहे, लेबलात फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, आणि तुलना अक्षरशः होते. चुकलं तर एरर येत नाही, नियम नुसता कधी लागू होत नाही. लॉगमधून उचलून चिकटवा.

चाचणीसाठी संपूर्ण संच काउंटवर ठेवताना दोन बटणं दिसतात. एक संचातल्या प्रत्येक नियमाला काउंट करतं. दुसरं फक्त संचाचा अंतिम निकाल काउंट करतं, आणि त्यात आतली तपासणी पहिल्याच जुळणीला थांबते. पहिलंच वापरा, नाहीतर एक खोटी अडवणूक सोडवली की मागची दुसरी प्रॉडक्शनमध्येच भेटते. काउंटचा काळ महिनाअखेर धरून ठेवावा. अकाउंट्सवाल्यांचे मोठे फॉर्म आणि एक्सपोर्ट तेव्हाच चालतात.

बाकीच्या खोट्या अडवणुकी ठरलेल्या आहेत. रिच टेक्स्ट एडिटरमधून एचटीएमएल येत असेल तर क्रॉस साइट स्क्रिप्टिंगचा (पानात परका कोड घुसवण्याविरुद्धचा) बॉडीवरचा नियम संपादकांना अडवणार. त्याला अ‍ॅडमिनच्या पाथपुरती वरचीच लेबलची युक्ती. यूजर एजंट (ब्राउझरची ओळख सांगणारं हेडर) न पाठवणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट कोअर संचात अडकतात. 'अ‍ॅनॉनिमस आयपी' यादीतला होस्टिंग प्रोव्हायडरचा नियम दुसऱ्या क्लाउडवरून येणारे पेमेंटचे वेबहुक (आपोआप येणारे निरोप) अडवू शकतो. आणि 'फक्त भारत' असा देशाचा नियम लावून खूश होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गूगलचा क्रॉलर मुख्यतः अमेरिकेतून येतो.

रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट चालतील याची मर्यादा, चांगलं सुधारलंय. पूर्वी खिडकी फक्त ५ मिनिटांची होती, आता १, २, ५ किंवा १० मिनिटं निवडता येतात आणि किमान मर्यादा १० पर्यंत खाली जाते. पण ही मोजणी अंदाजे आणि थोडी उशिरा होते. १०१ व्या रिक्वेस्टला नेमकं दार बंद होईल, ही अपेक्षा ठेवू नका. भारतात मोबाइल कंपन्या एकच आयपीव्ही४ पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात, म्हणून निव्वळ आयपीवर कडक मर्यादा लावली तर निकालाच्या दिवशी निम्मा तालुका बाहेर राहतो. आयपीवर ढिली मर्यादा सगळ्या साइटला, आणि लॉगिनच्या पाथवर आयपी अधिक सेशन कुकी अशी कडक. मात्र कुकीच नसलेली रिक्वेस्ट त्या दुसऱ्या नियमात मोजलीच जात नाही, म्हणून पहिला नियम काढू नका.

बिल मूळचं स्वस्त आहे. वेब एसीएलला महिना ५ डॉलर, प्रत्येक नियमाला किंवा संचाला १, दर १० लाख रिक्वेस्टना ६० सेंट. पाच नियम आणि २ कोटी रिक्वेस्ट धरल्या तर २२ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. १५०० डब्ल्यूसीयूच्या पुढे दर ५०० ला १० लाख रिक्वेस्टमागे २० सेंट जादा. खर्च फुगतो तो लॉगमुळे. एका नोंदीत सगळे हेडर येतात. २ केबी धरले तरी २ कोटींचे ४० जीबी. लॉग क्लाउडवॉच या लॉग सेवेऐवजी एस३ मध्ये टाका, फिल्टर लावून फक्त ब्लॉक आणि काउंट ठेवा. एस३ मधल्या बकेटचं (साठवणीच्या कप्प्याचं) नाव 'एडब्ल्यूएस-वॅफ-लॉग्ज-' या उपसर्गानेच सुरू झालं पाहिजे, नाहीतर ती स्वीकारली जात नाही. लॉगशिवाय मिळणारे नमुने फक्त मागच्या ३ तासांचे असतात, म्हणजे रात्रीची अडवणूक सकाळी सापडत नाही. बॉट ओळखणाऱ्या 'बॉट कंट्रोल' संचाचा टार्गेटेड प्रकार १० लाखांना १० डॉलर पडतो, तो लॉगिन आणि नोंदणीच्या पाथपुरताच मर्यादित करा.

स्वतःच्या सर्व्हरवर मॉडसिक्युरिटी हे मुक्त वॅफ चालवण्यापेक्षा हे बरं का? नियमांवर पकड मॉडसिक्युरिटीत जास्त आहे. पण तो सर्व्हर आणि त्याची परवानगी सांभाळायची जबाबदारीही येते. २०१९ मध्ये कॅपिटल वनच्या सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली ती चुकीच्या रचलेल्या वॅफच्या सर्व्हरमधूनच, त्याच्या आयएएम रोलला (एडब्ल्यूएसमधल्या त्याच्या परवान्यांना) गरजेपेक्षा जास्त अधिकार होते. इथे तसा सर्व्हरच नाही. उलट, तयार नियम आपोआप बदलत राहतात. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या वॅफमधल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने त्यांचे सीपीयू भरून टाकले आणि जगभरच्या साइट २७ मिनिटं कोलमडल्या. त्यामुळे प्रॉडक्शनमध्ये संचाची आवृत्ती ठरावीक ठेवा, नवी आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर), आणि आवृत्ती कालबाह्य होण्याची सूचना चालू करा.

शेवटची तपासणी मागच्या दाराची. वॅफ क्लाउडफ्रंटवर आणि मागचा लोड बॅलन्सर सगळ्या जगाला उघडा, ही रचना फार ठिकाणी दिसते. लोड बॅलन्सरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कोणाला आत घ्यायचं त्या नियमांत) क्लाउडफ्रंटची ओरिजिन-फेसिंग प्रीफिक्स लिस्ट, म्हणजे त्याच्या आयपी पत्त्यांची यादी, द्या आणि गुप्त कस्टम हेडर तपासा, कारण त्या यादीत दुसऱ्या कोणाचंही क्लाउडफ्रंट बसतं. ती एक यादी ५५ नियमांइतकी मोजली जाते आणि ग्रुपची डीफॉल्ट मर्यादा ६० आहे. पोर्ट ८० आणि ४४३ दोन्हींना लावायची तर आधी कोटा वाढवून घ्या, किंवा ८० बंदच करा.