घरपोच सीए-१२५: रक्त घेणारा मुलगा उत्तम, पॅकेजचे फोन नकोत

सासूबाईंना प्रायमरी पेरिटोनियल कॅन्सर आहे, पोटाच्या आतल्या अस्तराचा. उपचार ओव्हरीच्या कॅन्सरसारखेच, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं. म्हणून सीए-१२५ ही रक्ततपासणी, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रोटीन मोजणारी टेस्ट, अधूनमधून करावीच लागते. नाशकात एका लॅबची घरपोच सेवा घेतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला पाचपैकी पाच. केमोमुळे सासूबाईंच्या शिरा पार दडून बसल्यात. हा पोरगा घाई करत नाही. आधी गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकायला लावतो, मग ‘आजी, मूठ आवळा’ म्हणत मनगटाजवळ बारीक बटरफ्लाय सुई घालतो. नळी भरली की सासूबाईंनाच नाव-वय विचारून त्यांच्यासमोर लेबल चिकटवतो. उपाशीपोटी राहायला लावत नाही, या टेस्टला ते लागतही नाही.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यावर तपासणीची पद्धत छापलेली असते. हे मला फार मोलाचं वाटतं. पद्धत बदलली की आकडाही हलतो, म्हणून आमचे डॉक्टर लॅब बदलू देत नाहीत. आकडा ३५ च्या, म्हणजे नॉर्मल मर्यादेच्या, आत आहे का, यापेक्षा मागच्या वेळेपासून तो कुठे चाललाय हे त्यांना बघायचं असतं.

आता तक्रार. रिपोर्टपाठोपाठ कॉल सेंटरचा फोन: ‘मॅडम, तुम्हीपण लेडीज हार्मोन पॅकेज करून घ्या.’ यादीत थायरॉईडच्या शेजारी सीए-१२५! अहो, ते प्रोटीन आहे, हार्मोन कुठलं? या आजारात हार्मोनचा विषय निघतो तो बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर-पीआर, म्हणजे पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर, बघतात तेव्हा. आणि धडधाकट बाईने सीए-१२५ करून नुसता घोर लावून घ्यायचा. पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, लिव्हरमुळे पोटात पाणी झालं तरी ती वाढते. पोटाच्या टीबीत तर शेकड्यांत जाऊ शकते. सासूबाईंच्या वेळीही आधी टीबीचाच संशय होता. बायोप्सी आल्यावर कळलं.

फोनवरच्या मुलीला एवढं सगळं ऐकवलं. ती म्हणाली, ‘हो मॅडम, पण ऑफर रविवारपर्यंतच आहे.’

सेवेला चार तारे. बुकिंग करणार असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी जाहिरातीचे कॉल बंद करायचं बटण आहे, ते आधी दाबा.