फोल्डस्कोप: शाळकरी मुलांच्या हाती द्यायला कसा आहे?

पुण्यातल्या पाषाणच्या आयसर किंवा एनसीएल या विज्ञानसंस्थांमधला पीएचडीचा विद्यार्थी एखाद्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला गेला की पहिली अडचण ठरलेली: चाळीस मुलं आणि कुलपातला एकच सूक्ष्मदर्शक. प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद, त्यातही निम्म्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात. त्यावर फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाचा उतारा चांगला, पण मर्यादा ओळखून घ्यावा.

मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेलं हे घडीचं उपकरण. जलरोधक कागद, मोहरीएवढं भिंग, १४० पट मोठी प्रतिमा, २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची पर्णरंध्रं, पॅरामेशियम हा एकपेशीय जीव छान दिसतात. ‘दह्यातले जिवाणू दाखवा’ या हमखास मागणीला मात्र नाही म्हणावं लागतं, ते याला फारच बारीक.

घड्या घालायला एक अख्खा तास वेगळा धरा. स्लाइडची कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) भिंगाच्या बाजूलाच हवी. उलटी बसली तर नमुना आणि भिंग यांच्यामध्ये मिलिमीटरभर काच येते, फोकस लागतच नाही आणि खापर उपकरणावर फुटतं. उजेडासाठी खिडकी किंवा टॉर्च. सूर्याकडे रोखून कधीही पाहू देऊ नका. फोनला जोडताना बहुकॅमेरा फोन मध्येच कॅमेरा बदलतो, तेवढा ताप आहे.

पहिला नमुना तळ्याच्या पाण्याचा. पाषाण तलावाच्या पाण्यात मूठभर वाळलेलं गवत टाकून चार-पाच दिवस ठेवा आणि वर आलेल्या सायीच्या लगेच खालचा थेंब घ्या. नळाचं पाणी वापरायचं तर आधी दिवसभर उघडं ठेवा, नाहीतर क्लोरीन घात करतं. कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडली की बुडबुडे अडकत नाहीत. पॅरामेशियम पळतंच, थेंबात कापसाचे चार तंतू टाकले की अडखळतं.

एकच भिंग असल्याने प्रतिमा उलटी होत नाही: स्लाइड उजवीकडे सरकवली की जीवही उजवीकडेच जातो. नवशिक्याला हे वरदान आहे. उलटी प्रतिमा दाखवणाऱ्या संयुक्त (एकाहून जास्त भिंगांच्या) सूक्ष्मदर्शकावर गेल्यावर तोच गोंधळतो, ते वेगळं.

शिकवणाऱ्यांना एक सूचना: जीवाचं नाव आधी सांगू नका. स्लाइडवर डोक्याचा केस ठेवायला लावा. तो साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ‘हा जीव केसाच्या किती पट?’ एवढंच विचारा आणि पेन्सिलीने चित्र काढून घ्या. नववी-दहावीच्या प्रात्यक्षिकांना शाळेतला ४५० पटींचा सूक्ष्मदर्शकच वापरा.