स्टोमाभोवतीची बुरशी आणि क्लोट्रिमाझोल पावडर: उन्हाळा-पावसाळा वापरून आलेला अनुभव

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार) माझं मोठं आतडं काढलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला इलिओस्टॉमी आली, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि शी त्यावर लावलेल्या पिशवीत जमते. पिशवीची सवय हळूहळू झाली. पण चिपळूणच्या मे महिन्यात फ्लँजखाली (पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती) अशी खाज सुटली की रात्रीची झोप उडाली. लालभडक चट्टा, आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे बारीक लाल ठिपके, काहींना पांढरं टोक. स्टोमा सिस्टरने ते ठिपके बघूनच कॅन्डिडा, म्हणजे बुरशी, म्हणून सांगितलं. नुसत्या गळतीने कातडी सोलवटते ती जिथे शी लागते तिथेच. हे ठिपके पलीकडे पसरत जातात. त्यात माझी अँटिबायोटिक्स आणि स्टेरॉइड्स दोन्ही चालू होती, मग बुरशीला रान मोकळंच.

डॉक्टरांनी १ टक्का क्लोट्रिमाझोलची डस्टिंग पावडर दिली. खाज दोन-तीन दिवसांत पुष्कळ कमी झाली, ठिपके मावळायला जास्त वेळ लागला. कातडी बरी दिसू लागली तरी पूर्ण दोन आठवडे लावायला सांगितली होती, ते मी पाळलं. या पावडरीला माझे पूर्ण गुण. मात्र स्टोमा पावडर वेगळी: ती फक्त ओल शोषते, बुरशी मारत नाही. दुकानदाराने मला एक मलमही पुढे केलं होतं, त्यात स्टेरॉइड होतं. तसलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. शिवाय तेलकट मलमावर फ्लँज चिकटतच नाही.

लावण्याची पद्धत महत्त्वाची. सकाळी काही खाण्याआधी पिशवी बदलते, तेव्हा स्टोमा शांत असतो. नुसत्या पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, मग हेअर ड्रायरची थंड हवा. कातडी खरंच कोरडी झाली की चिमूटभर पावडर पसरायची आणि जास्तीची मऊ ब्रशने झटकून टाकायची. वर बॅरिअर फिल्मने (कातडीवर पातळ संरक्षक थर देणारं द्रव) हलकेच टिपायचं, घासायचं नाही. ते वाळलं की फ्लँज. पावडरीचा थर राहिला तर फ्लँज सुटतं, गळती होते आणि परत तीच ओल.

म्हणूनच मला वाटतं, पावडर हे अर्धंच काम आहे. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. डिस्चार्जच्या कागदावर एकच माप लिहिलेलं होतं, पुन्हा मोजायचं असतं हे तिथे कुणीच सांगितलं नव्हतं. आता मोजपट्टी लावून फ्लँजचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापते. अंघोळीनंतर फ्लँजची कापडी कड कोरडी करते आणि पिशवीला सुती कव्हर घालते, म्हणजे घामाने प्लॅस्टिक पोटाला चिकटत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी. एवढ्याने मोठा फरक पडला.

जुलैत दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं तेव्हा ठिपके परत आले, पण लगेच ओळखता आले आणि लवकर गेले. मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या, ती वाढलेली असली की बुरशी हटत नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, जखम झाली किंवा ताप आला, तर घरी प्रयोग न करता दाखवा.

पावडर साध्या मेडिकलमध्ये मिळते. बॅरिअर फिल्म आमच्याकडे मिळाली नाही, ती मी मुंबईहून मागवते. महाग पडते, तरी बंद करणार नाही.