लिबरऑफिसला हातभार: भाषांतर की कोड?

लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरला हातभार लावायच्या दोन्ही वाटा खुल्या आहेत, पण उंबरठा सारखा नाही.

कोडकडे वळायचं तर सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा यायला हवी. आधी पूर्ण सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून बिल्ड करायचा, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचं. साध्या लॅपटॉपवर यातच काही तास जातात. मग बगझिला या चुका नोंदवायच्या साइटवर ‘ईझी हॅक’ अशी खूण असलेलं छोटं काम उचलायचं, दुरुस्ती गेरिट या कोड तपासणीच्या साइटवर टाकायची. अनुभवी मंडळी ती तपासतात, बदल सुचवतात. शिकायला मिळतं भरपूर, पण चिकाटी हवी.

भाषांतराला ब्राउझर पुरतो. वेबलेट या भाषांतराच्या साइटवर खातं काढायचं आणि मराठी निवडायची. काम सोपं समजू नका, बरं का. ‘पेज %1 ऑफ %2’ घ्या. %1 आणि %2 यांच्या जागी सॉफ्टवेअर आकडे भरतं. त्याच क्रमाने मराठी केलं तर वाक्य लंगडं होतं; ‘%2 पैकी पान %1’ असं उलटवावं लागतं, आणि ती %ची चिन्हं जशीच्या तशी राहिली पाहिजेत. शिवाय ‘सेव्ह’ला एकदा ‘जतन करा’ म्हटलं की सगळीकडे तेच हवं.

मी नवख्याला भाषांतरच सुचवेन. सी++ लिहिणारे जगभर सापडतील. ‘पैकी’ कुठे बसतो हे मराठी माणसालाच कळतं.